पदवीवरचं नाव

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या खाली किंवा रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक पदवीचा कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असं छापलेलं असतं. लग्नामुळे, बाळंतपणामुळे नाहीतर घरच्या ओढगस्तीमुळे शिक्षण सुटलं आणि मग पस्तिशी-चाळिशीत पुन्हा पुस्तक हातात घेतलं, अशा बायकांचं हे विद्यापीठ. १९८९ साली ते स्थापन झालं आणि आपल्या नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या वाटेवर वसलं. दहावी-बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या वर्गात बसायची सोय या विद्यापीठाने केली. रविवारी सकाळी भाजी-पोळी उरकून अभ्यासकेंद्रावर धावत जाणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात.

पण त्या नावाचा माणूस कोण, असं विचारलं की बऱ्याच जणी थबकतात. कुणी म्हणते मुख्यमंत्री होते, कुणी म्हणते दिल्लीत मोठे मंत्री होते. पंचवटीत गोदेकाठी यशवंतराव महाराज पटांगण आहे, तेच हे, असंही मला एकीने सांगितलं! ते वेगळे बरं का. ते देव मामलेदार. आपण बोलतोय ते यशवंतराव बळवंतराव चव्हाण. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, देशाचे संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि काही महिने उपपंतप्रधान. आणि हो, एकेकाळी आपल्या नाशिकचे खासदारसुद्धा!

त्यांच्यावर खूप लिहिलं गेलंय. त्यात राजकारणच जास्त. मला मात्र त्यांचं आयुष्य वाचताना सारख्या दोन बायका दिसत राहतात. एक त्यांची आई विठाबाई आणि दुसरी पत्नी वेणूताई. या दोघींना वगळून ही गोष्ट सांगता येते, तशी ती सांगितलीही जाते. पण मग त्या मोठ्या कारकिर्दीचा हिशेब अर्धाच राहतो.

जात्यावरची आई

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी यशवंतरावांचा जन्म झाला. हे त्यांचं आजोळ. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे समन्स बजावत गावोगाव हिंडणारा माणूस. पगार बेताचा. यशवंतराव अगदी लहान असताना प्लेगच्या साथीत वडील गेले. पदरात लहान मुलं, शेतीचा मोठा आधार नाही, आणि बाई निरक्षर. त्या काळात अशा बाईपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, ते आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलंच आहे.

विठाबाई खचल्या नाहीत. आजोळचा आधार घेतला. थोरला मुलगा ज्ञानोबा याला वडिलांच्या जागी कोर्टात नोकरी मिळाली आणि कुटुंब कऱ्हाडला आलं. धाकटा शिकला पाहिजे, हे मात्र या माउलीने मनाशी पक्कं केलं होतं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावर बसली की ओव्यांची रास पडायची. संकटाला घाबरू नका, चंद्रसूर्यावरही ढग येतात आणि निघून जातात, अशा अर्थाची एक ओवी ती मुलांना ऐकवायची. पुढे देशाचा मोठा मंत्री झालेल्या मुलाने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, तेव्हाही त्याला ती ओवी आठवत होती.

आता खरी कसोटी पुढे आहे. यशवंतराव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. गांधीजींची चळवळ जोरात होती. २६ जानेवारी १९३२ रोजी शाळेच्या आवारातल्या लिंबाच्या झाडावर या पोराने तिरंगा लावला आणि पकडला गेला. अजून मॅट्रिकही झाला नव्हता. आई एका मास्तरांबरोबर त्याला भेटायला गेली. मास्तर भला माणूस होता. त्याने सुचवलं की मुलाने माफी मागितली तर तो सुटेल. विचार करा मैत्रिणींनो, आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं? मुलगा डोळ्यांपुढे गजाआड उभा आहे, घरात पैसा नाही, सगळी आशा त्याच्या शिक्षणावर, आणि सुटका एका शब्दावर आहे. विठाबाईंनी मास्तरांनाच दटावलं. माफीचं नाव काढायचं नाही, असं बजावलं आणि मुलाला एवढंच सांगितलं की तब्येत सांभाळ.

अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण तुरुंगात मोठी माणसं भेटली, पुस्तकं मिळाली, वाद ऐकायला मिळाले. शाळेत न मिळालेलं शिक्षण यशवंतरावांना तिथे मिळालं. बाहेर आल्यावर ते मॅट्रिक झाले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. झाले आणि पुण्याला वकिली शिकले. घरातल्या भावांनी पोटाला चिमटा काढून हे शिक्षण केलं. गरिबाघरच्या पोराच्या फीचे पैसे कुठून येतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिली संक्रांत तुरुंगात

२ जून १९४२ रोजी कऱ्हाडला यशवंतरावांचं लग्न झालं. मुलगी फलटणच्या मोऱ्यांची, नाव वेणू. वकिली नुकतीच सुरू झालेली. आता घर जरा स्थिरावेल असं सासूला वाटलं असणार. पण दोनच महिन्यांत मुंबईला चले जावचा ठराव झाला आणि नवरदेव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, तारा तुटल्या, पोलीस पाठीवर लागले. सरकारने यशवंतरावांच्या नावावर एक हजार रुपयांचं इनाम लावलं. त्या काळचे हजार रुपये!

नवरा सापडत नाही म्हणून पोलिसांनी घरच्यांना धरलं. १९४३ ची संक्रांत. वेणूताईंच्या लग्नानंतरची पहिली. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीचं केवढं कौतुक असतं! काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आयाबायांचं हळदीकुंकू. या नव्या सुनेला त्या सणाच्या दिवशी पोलीस घेऊन गेले. पुढचे काही आठवडे तिने तुरुंगात काढले. राजकारणाशी तिचा तोवर संबंध नव्हता. गुन्हा एकच, या माणसाशी लग्न केलं.

याच धामधुमीत थोरले दीर ज्ञानोबा वारले. मधले दीर गणपतराव तुरुंगात. सुटून आल्यावर वेणूताई आजारी पडल्या आणि माहेरी फलटणला गेल्या. त्यांची तब्येत बिघडल्याचं कळल्यावर यशवंतरावांना राहवलं नाही. पोलिसांची नजर चुकवून ते बायकोला बघायला फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले. इनाम लावूनही महिनोन्महिने हाती न लागलेला माणूस बायकोच्या आजारपणात सापडला.

पुढे गणपतरावांना क्षय झाला आणि देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तेही गेले. विठाबाईंनी दोन कर्ते मुलगे गमावले. वेणूताईंना स्वतःचं मूल झालं नाही. घरातल्या पोरक्या मुलांना त्यांनी आपलं म्हणून वाढवलं. राजकारणात पुढे जाणाऱ्या माणसाच्या घरात मागे काय काय घडत असतं, ते भाषणात येत नाही. म्हणून इथे सांगितलं.

मालेगावचे हिरे आणि प्रतापगडचे काळे झेंडे

१९४६ मध्ये यशवंतराव मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. १९५२ मध्ये पुरवठा खात्याचे मंत्री. धान्याची टंचाई, रेशन, नियंत्रणं, असं सगळं ते खातं. आपल्या स्वयंपाकघराशी थेट नातं असलेलं!

मग आलं १९५६. मराठी माणसांना मुंबईसह आपलं राज्य हवं होतं. दिल्लीने दिलं काय, तर महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र असलेलं द्विभाषिक राज्य. त्याच्या नेतेपदासाठी काँग्रेस पक्षात जी लढत झाली, त्यात यशवंतरावांसमोर होते आपल्या मालेगावचे भाऊसाहेब हिरे. कुळकायद्यासाठी झटलेला, मोठ्या मानाचा नेता. नाशिक जिल्ह्याला साहजिकच वाटत होतं की भाऊसाहेब व्हावेत. पण यशवंतराव मोठ्या फरकाने जिंकले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुख्यमंत्री झाले. वय त्रेचाळीस.

गादी मिळाली ती काट्यांची. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गोळीबारात मेली होती. लोकांचा संताप अनावर होता. आणि यशवंतरावांनी तर जाहीर सांगितलं होतं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यातून निवडायची वेळ आली, तर आपण नेहरूंना निवडू. हे लोकांनी त्यांना बरीच वर्षं माफ केलं नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्याकडेही काँग्रेस आपटली. नाशिकने लोकसभेवर दादासाहेब गायकवाडांना पाठवलं. खुद्द कऱ्हाडला यशवंतराव थोडक्यात वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा त्यांच्या वाटेवर हजारो लोकांनी निदर्शनं केली. काळे झेंडे दिसत होते.

माझ्या मते यशवंतरावांचा स्वभाव इथे कळतो. ते चिडले नाहीत, लोकांना देशद्रोही ठरवलं नाही. राज्य शांतपणे चालवलं आणि दुसरीकडे दिल्लीला पटवत राहिले की हे दोन भाषांचं घर एकत्र नांदणार नाही. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा होत्या, त्यांचंही मत तसंच झालं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आलं. श्रेय रस्त्यावर लढलेल्या माणसांचं मोठं, हे खरंच. पण आत बसून दार उघडणारा माणूसही लागतो. त्या काळात त्यांना शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकांनी पुढे हे मान्य केलं.

ई.बी.सी.चा फॉर्म

आता मघाचा मुद्दा. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना शाळेतला ई.बी.सी.चा फॉर्म आठवतो का? तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि फी माफ! ही सवलत यशवंतरावांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली. वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल, तर जात कोणतीही असो, मुलाला फी नाही. खर्च झेपायचा नाही म्हणून सरकारी अधिकारी कचरत होते, पण मुख्यमंत्र्यांनी रेटलं. फीपायी शाळा सुटायची वेळ आली की काय होतं, हे विठाबाईंच्या मुलाला ठाऊक होतं. खेड्यापाड्यातली मुलं त्यामुळे कॉलेजात गेली. आणि मुलाची फी वाचली की मग मुलीलाही पाठवू, असं म्हणणारी घरं निघाली. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या घरांतल्या लेकी आहेत.

बाकीची कामं भराभर सांगते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झालं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ कायद्याने संपली. जे लोक १९५६ मध्ये बौद्ध झाले, त्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवल्या. साताऱ्याला १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिकी शाळा उघडली. साहित्य संस्कृती मंडळ स्थापून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींकडे सोपवलं. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं. म्हणजे आपली एम.आय.डी.सी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांचा डबा भरताना कुणाला हे आठवणार म्हणा!

आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाचा रस्ता, शाळा, दवाखाना यांचा निर्णय मुंबईत नाही, जिल्ह्यात व्हावा हा त्यामागचा विचार. आज त्याच संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तेव्हा घातलेल्या त्या पायावर बायका खुर्चीत बसायला पुढे पन्नास वर्षं लागली, हेही नोंदवून ठेवते.

नाशिकने मतदान केलं नाही!

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. आपल्या जवानांकडे बर्फात घालायला धड बूट नव्हते. पराभव झाला आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावलं. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं तेव्हा घरोघरी म्हटलं जायचं. आपला माणूस देशाला हवा झाला याचा अभिमान होता.

पण मंत्री राहायचं तर संसदेत जायला हवं. जागा कुठली? नाशिकची! १९६३ मध्ये इथे पोटनिवडणूक झाली आणि यशवंतरावांच्या विरोधात कुणीही उभं राहिलं नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या की त्या वर्षी मतदान करायला मिळालंच नाही. ज्या नाशिकने सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पक्षाला नाकारलं होतं, ज्या जिल्ह्याचे भाऊसाहेब हिरे त्यांच्याकडून हरले होते, त्या नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिलं. देश अडचणीत असताना घरातलं भांडण बाजूला ठेवायचं असतं, हे या शहराने दाखवून दिलं. मला नाशिककर म्हणून याचं फार बरं वाटतं.

यशवंतरावांच्या काळातच आपल्या ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, १९६४ मध्ये. द्राक्षं आणि कांदा पिकवणाऱ्या निफाड तालुक्यात लढाऊ विमानं जुळू लागली! ओझरच्या वसाहतीतल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली.

दिल्लीत त्यांच्यापुढे काम अवघड होतं. सैन्याचा आत्मविश्वास गेला होता. वरिष्ठ सेनाधिकारी आणि मंत्री यांच्यात अविश्वास होता. यशवंतराव आधी ऐकायला शिकले. सेनापतींच्या कामात ढवळाढवळ केली नाही. सव्वाआठ लाखांचं सैन्य, डोंगरात लढणाऱ्या नव्या तुकड्या, वायुदलाची वाढ अशी पाच वर्षांची योजना केली. शस्त्रांसाठी अमेरिकेला गेले, रशियाला गेले. वॉशिंग्टनमध्ये असतानाच नेहरू गेल्याची बातमी त्यांना कळली.

मग १९६५. त्या वर्षी ऑगस्टमध्ये विठाबाई गेल्या. ज्या बाईने माफी मागू नको म्हणून सांगितलं होतं, तिचा मुलगा देशाचा संरक्षणमंत्री झालेला तिने पाहिला, एवढंच समाधान. शोक करायला मुलाला वेळच मिळाला नाही. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घुसवले. लष्करप्रमुखांनी वायुदलाची मदत मागितली आणि यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ठाम होते, संरक्षणमंत्री शांत होते. तीन वर्षांपूर्वी खचलेलं सैन्य या वेळी खंबीरपणे लढलं.

खुर्च्या आणि कुंपण

पुढची यादी मोठी आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात गृहमंत्री, १९७० मध्ये अर्थमंत्री, १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री. अर्थखात्यात असताना बांगलादेशातून जवळपास एक कोटी निर्वासित आले, युद्ध झालं, मग आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ आणि त्यानंतर तेलाची भाववाढ. रोजगार हमीच्या आधीच्या त्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायका अजून गावोगाव भेटतात. तिजोरी सांभाळायला याहून वाईट काळ क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल.

पण फक्त आरती ओवाळायची नाही. त्यांच्यावर एक आक्षेप कायम घेतला गेला. हा माणूस कुंपणावर बसतो, असा. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा आधी ते जुन्या पुढाऱ्यांच्या उमेदवाराच्या बाजूने होते, मग इंदिराबाईंच्या बाजूला आले. १९७५ मध्ये आणीबाणी आली, त्यांचे जुने समाजवादी मित्र तुरुंगात गेले आणि यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. तरुणपणी माफी न मागणारा मुलगा तेव्हा गप्प का बसला, हा प्रश्न मलाही पडतो. याचं समाधानकारक उत्तर त्यांच्या चाहत्यांकडेही नाही. संघर्ष तुटेपर्यंत ताणायचा नाही, आत राहून जमेल ते करायचं, ही त्यांची रीत. महाराष्ट्र मिळवताना ती कामी आली. आणीबाणीत मात्र ती तोकडी पडली.

१९७७ मध्ये काँग्रेस हरली तेव्हा ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९७९ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारवर त्यांनीच अविश्वासाचा ठराव आणला आणि सरकार पडलं. मग चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले, सहा महिनेसुद्धा नाही. १९८० मध्ये त्यांचा पक्ष महाराष्ट्रात साफ झाला, साताऱ्याची जागा तेवढी त्यांनी राखली. त्यानंतर इंदिराबाईंच्या पक्षात परत जायला अर्ज करून वाट पाहत बसावं लागलं. ज्यांच्या दारात माणसांची रीघ असायची, त्यांचं दार ओस पडलं. शेवटी परत घेतलं गेलं आणि १९८२ मध्ये वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. पंतप्रधानपदाची चर्चा कितीदा झाली, ते पद मात्र कधीच आलं नाही.

वेणूताईंना लिहिलेली पत्रं

या सगळ्या वर्षांत वेणूताई कुठे होत्या? घरात होत्या. मुंबईला मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर, मग दिल्लीला रेसकोर्स रोडवर. तब्येत नाजूक. भाषणं केली नाहीत, पदं घेतली नाहीत, कुणासाठी शब्द टाकला असंही ऐकिवात नाही. आलेल्या-गेलेल्याला जेवू घालायचं, कऱ्हाडकडच्या माणसाची विचारपूस करायची, एवढंच. यशवंतराव परदेशी गेले की तिथून त्यांना पत्रं लिहीत. काय पाहिलं, कोण भेटलं, हवा कशी आहे, सगळं. ती पत्रं पुढे पुस्तकरूपात आली. त्यांत मुत्सद्दी कमी दिसतो. दिवसभराचं कामकाज आटपून घरी बोलल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, असा माणूस दिसतो.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. लग्नाला एक्केचाळीस वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस उरला होता. यशवंतराव त्यातून सावरले नाहीत. कऱ्हाडला त्यांनी वेणूताईंच्या नावाने स्मारक उभारायला घेतलं, त्यांची पुस्तकं आज तिथे आहेत. दीड वर्षाच्या आत, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावही गेले. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. तिकडे गेलात तर नक्की जा. संध्याकाळी तिथे गावातल्या बायका मुलांना घेऊन बसलेल्या असतात.

आत्मचरित्राचे तीन भाग लिहायचे त्यांनी ठरवलं होतं. कऱ्हाडच्या दिवसांचा कृष्णाकाठ, मुंबईचा सागरकाठ आणि दिल्लीचा यमुनाकाठ. पहिलाच भाग पूर्ण झाला. तो १९४६ पाशी थांबतो, म्हणजे मंत्रिपदं सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे झालंय असं, की त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आपल्याला खुर्च्यांची गोष्ट मिळतच नाही. मिळते ती जात्यावर गाणाऱ्या आईची, फी भरणाऱ्या भावांची आणि पहिल्या संक्रांतीला तुरुंगात गेलेल्या नव्या नवरीची. गावच्या वाचनालयात हे पुस्तक बहुधा असतंच. या महिन्यात घेऊन या. दुपारच्या निवांत वेळी वाचायला लागलात की सोडवणार नाही. आणि वाचून झालं की घरातल्या शिकणाऱ्या लेकीच्या हातात द्या.